तारीख इथली, बर्फ तिथला

न्यूझीलंडात, ऑकलंडच्या टाकानिनी भागात संपदा देवकर हे नाव लोकांना तिच्या दादामुळं माहीत आहे, कारण दादानंच ते सगळीकडं करून ठेवलंय. परेश देवकर, शेजारच्या मनुरेवा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. आयटीआयच्या पुढं तो शिकला नाही, पण बहिणीचं शिक्षण त्याला तोंडपाठ. पुण्याला बीएस्सी, तेही स्टॅटिस्टिक्स घेऊन, मग ऑकलंडला मास्टर्स. वर्कशॉपमधल्या टोंगा बेटांवरच्या पोरांनासुद्धा ते पाठ झालंय. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला तरी दुकानदाराला सांगून येतो, "माय सिस्टर, अमेरिकन फुटबॉल. कोण जिंकणार ते आधी सांगते."

कोण जिंकणार ते संपदा सांगत नाही. किती शक्यता आहे तेवढंच सांगते. हे तिनं दादाला दहा वेळा समजावलंय आणि दहाही वेळा त्यानं मान हलवून पुन्हा डेअरीत तेच सांगितलंय. पण त्यात त्याचं काय चुकलं? असली बहीण दुसऱ्या कुणाची असती तर त्यानं गल्लीच्या तोंडाला बोर्ड लावला असता.

हुशारी लहानपणापासूनची. चिंचवडला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हा वडील टीव्हीवर क्रिकेट लावायचे आणि ही फ्रॉकमधली पोरगी बाजूला बसायची. एकदा म्हणाली, "बाबा, हा डावखुऱ्या बोलरवर जास्त आउट होतो." वडिलांनी विचारलं, कशावरनं? तर म्हणाली, "मी मोजलं." पुढच्याच मॅचला तो बॅट्समन खरंच डावखुऱ्यावर आउट झाला. सगळ्या क्वार्टरनं तिचं कौतुक केलं, शेजारच्या काकूंनी लाडू दिला. हिचं तोंड मात्र एवढंसं. "एकदा झालं म्हणजे काय झालं?" म्हणाली. लाडू खाल्ला, पण म्हणाली तेच.

तर ही अशी मुलगी ऑकलंडला मास्टर्स झाली आणि नोकरी काही मिळेना. वर्षभर सुपरमार्केटमध्ये मांडणीवर डबे लावले. दादा लोकांना सांगायचा, मॅनेजमेंटच्या लाइनला आहे. शेवटी गणपतीच्या कार्यक्रमात शंतनू भेटला. कोथरूडचा माणूस, इथं येऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली, शहरातल्या एका कंपनीत मोठ्या जागेवर. ही कंपनी परदेशातल्या खेळांचे आकडे काढते आणि मॅचच्या आधी टीव्हीवाल्यांना, वेबसाइटवाल्यांना विश्लेषण लिहून देते. शंतनूनं शब्द टाकला आणि संपदा आत गेली, नव्वद दिवसांच्या ट्रायलवर. इथली पद्धत अशी की ट्रायलमध्ये मालकाला नको वाटलं तर नको. कारण सांगायची गरज नाही, ऐकून घ्यायचीही नाही.

संपदाला ही नोकरी पाहिजे होती. पगारासाठी पाहिजे होती हे आहेच, पण आकडा बघितला की तिच्या डोक्यात जे सुरू होतं, त्याला इथं पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. पुन्हा डबे लावायला जायचं नव्हतं तिला.

ट्रायल शुक्रवारी संपणार होती. त्याच आठवड्यातल्या बुधवारी साहेबानं, म्हणजे क्रेगनं, तिला बोलावलं. क्रेग म्हणजे दाराला डोकं लागेल एवढा माणूस, एकेकाळी रग्बी खेळलेला, उन्हाळाभर ऑफिसात हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपलांवर. या ऑफिसचा एक नियम होता. विश्लेषण बाहेर जायच्या आधी ज्यानं ते लिहिलेलं नाही अशा एकानं ते फोडायचा प्रयत्न करायचा. फुटलं नाही तर खाली सही करायची आणि मग ते जायचं.

"सोमवारची अमेरिकन मॅच," क्रेग म्हणाला. "प्लेऑफ आहे, हरेल तो घरी जाणार. खूप लोक वाचणार. शंतनूनं लिहिलंय, तू फोड. शुक्रवारी बसू. तुझंही शुक्रवारीच आहे ना?"

"हो," संपदा म्हणाली.

"स्वीट अ‍ॅज," क्रेग म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि जँडल्स फटफटवत गेला.

ज्या माणसानं शब्द टाकून नोकरी दिली, त्याचंच लिहिलेलं फोडायचं आणि तेही आपला निकाल लागणार त्याच दिवशी. ट्रेननं टाकानिनीला येईपर्यंत संपदानं ते विश्लेषण तीनदा वाचलं.

मॅच होती उत्तरेकडच्या एका गारठ्याच्या शहरात. पाहुणी टीम दक्षिणेकडची, समुद्रकिनाऱ्यावरची. दोन्ही टीमांची नावं आईच्या जिभेला जमेनात, म्हणून घरात त्यांना 'थंडीवाले' आणि 'उन्हातले' अशी नावं पडली, आणि इथंही आपण तीच वापरू. शंतनूनं लिहिलं होतं की सोमवारी तिथं बर्फ पडणार आहे आणि बर्फात थंडीवाले घरच्या मैदानावर अकरापैकी दहा मॅच जिंकलेत. उन्हातले थंडीत हरतात. सगळं गणित मांडून शेवटी आकडा दिला होता, थंडीवाले जिंकण्याची शक्यता शंभरात चौऱ्याऐंशी.

चौऱ्याऐंशी. संपदाला तो आकडा पटेना. अकरा मॅच म्हणजे मूठभर. त्यातल्या अर्ध्यांत खेळलेले लोक आता निवृत्त होऊन घरी बसलेत. आणि उन्हातले थंडीत हरले हे खरं, पण त्या वर्षांत ते उन्हातही हरतच होते. थंडीला कशाला बोल लावायचा? पण हे सगळं म्हणजे शंका. शंकेवर कुणाचं लिहिलेलं थांबवता येत नाही.

घरी आल्यावर तिनं लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि त्या अकरा बर्फाच्या मॅचपैकी एकीची क्लिप लावली. तिनं हा खेळ असा पुरता कधी बघितलाच नव्हता. आई मागून डोकावली. आई म्हणजे प्रमोदिनीबाई, चिंचवडहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, त्यातले चार झालेले.

"हातात घेऊन पळतात आणि फुटबॉल काय म्हणतात मेले," आई म्हणाली. "आणि बर्फ कुठंय गं? तू तर म्हणालीस बर्फातली मॅच."

बर्फ नव्हताच. हिरवंगार मैदान, लख्ख ऊन. एक जाडा माणूस उघड्या अंगानं प्रेक्षकांत उभा राहून झेंडा हलवत होता. संपदानं दुसरी मॅच लावली. तिथंही ऊन. तिसरीत ढग होते, पण बर्फाचा कण नाही. तिला वाटलं आपल्यालाच काहीतरी कळत नाहीये. बर्फ झाडून काढला असेल, नाहीतर सकाळी पडून गेला असेल. शंतनू हा खेळ कोळून प्यायलेला माणूस, तो चुकेल कसा?

त्या दिवशी संकष्टी होती. आईचा दिवसभर उपास. नव्या वर्षाचं, चिंचवडहून मागवलेलं कॅलेंडर फ्रीजवर चुंबकानं लावलेलं आणि त्यात चंद्रोदय नऊ वाजून दहा मिनिटं छापलेला. आईचा हिशोब सरळ. नऊ दहा झाले की नैवेद्य दाखवायचा आणि जेवायचं. जानेवारीत टाकानिनीला त्या वेळी आभाळ अजून तांबूस असतं. पलीकडच्या नव्या घरातली मुलं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. मेधावहिनीची हॉस्पिटलात दुपारपाळी होती, म्हणून ताटं दादानं घेतली होती.

"आजी, देअर्स नो मून," दादाची मुलगी इरा खिडकीला नाक लावून म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"असतो. ढगाआड असतो," आई म्हणाली.

"एकही ढग नाहीये आई," दादा म्हणाला.

"मग घरांच्या मागं असेल. कॅलेंडरात नऊ दहा दिलंय."

"दॅट्स पुणेज मून, आजी. अँड इट्स आफ्टरनून इन पुणे."

दादाला हसू आवरेना. "म्हणजे तिथंही उगवलेला नाही अजून. आई, तू तारीख इथली धरलीस आणि चंद्र तिथला. असला चंद्र कुठंच नाहीये."

"गणपतीला चालतं," आई म्हणाली. "मला भूक लागलीय. वाढ."

दादा वाढायला लागला. संपदा तशीच उभी राहिली, हातात पाण्याचा तांब्या. (वाक्य दादाचं होतं हे सांगून ठेवलेलं बरं. त्याला पुढं काय होणार ते माहीत नव्हतं, पण वाक्य त्याचंच.) मग तिनं तांब्या ओट्यावर ठेवला आणि लॅपटॉप ओढला.

"जेवताना ते नको," आई म्हणाली.

"एक मिनिट आई. एकच."

या मॅच अमेरिकेत होतात रविवारी दुपारी. तेव्हा न्यूझीलंडात सोमवार उजाडलेला. कंपनीच्या यादीत मॅचची तारीख इथल्या लोकांच्या सोयीसाठी इथली घातलेली, म्हणजे सोमवारची. हवामानाचे आकडे मात्र अमेरिकेतून आलेले, तिथल्या तारखेनं. कॉम्प्युटरनं तारखेला तारीख जुळवली आणि रविवारच्या मॅचवर सोमवारचा बर्फ पाडला. एकीवर नाही, सगळ्यांवर. त्या अकरा बर्फाच्या मॅच म्हणजे ज्यांच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडला अशा मॅच होत्या.

संपदानं तारखा एक दिवस मागं घेऊन पुन्हा जुळवलं. खऱ्या बर्फातल्या मॅच निघाल्या सहा. थंडीवाले तीन जिंकले, तीन हरले.

"आता जेव," आई म्हणाली.

संपदा जेवली. काय जेवली ते तिला विचारू नका.

गुरुवारी सकाळी ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी तिनं शंतनूला गाठलं. मीटिंगमध्ये चारचौघांत काढण्यापेक्षा आधी त्याला सांगावं, एवढी रीत तिच्यात आहे.

"शंतनूसर, एक दाखवू?"

"सर म्हणू नकोस म्हटलंय ना तुला. दाखव."

तिनं फोनवर क्लिप दाखवली, मग दोन तारखा शेजारी शेजारी. शंतनू बघत राहिला. कॉफी भरून कपाबाहेर आली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"तू किती मॅच बघितल्यास आजवर?" त्यानं विचारलं.

"पूर्ण? एकही नाही."

"मी वीस वर्षं बघतोय. थंडीवाले बर्फात भारी पडतात हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल."

"सांगेल ना. पण आपल्या आकड्यांत ते नाहीये. आपला बर्फ दुसऱ्या दिवसाचा आहे."

शंतनूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला कळलं होतं. त्याला कळलंय हे संपदालाही कळलं. त्यानं कप पुसला, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बरं, समज आहे चूक. उद्या ते जायचंय. तू सही कर. मॅच होऊन जाऊ दे, मग मी शांतपणे दुरुस्त करतो, कुणाला कळायचंही नाही. अगं, उद्या क्रेग तुझं ठरवणार. नेमकी त्याच दिवशी मोठ्या मॅचला खोड काढणार तू? तुझ्या भल्याचं सांगतोय. तुझ्यासाठी शब्द मी टाकलाय, तू गेलीस तर मलाही वाईट दिसतं."

खोटं बोलत नव्हता तो. खरंच तिच्या भल्याचं सांगत होता, आणि स्वतःच्याही. तेच तर अवघड होतं. समोरचा वाईट असला की माणूस भांडून मोकळा होतो.

संध्याकाळी दादा गॅरेजमध्ये आईसाठी लोखंडी स्टूल जोडत होता. संपदा उंबऱ्यावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. दादानं वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

"मी येऊ का उद्या ऑफिसात?"

"येऊन काय करणार?"

"उभा राहीन."

"दादा."

"नुसता उभा राहीन. बोलणार नाही काही."

"नको. मला एवढंच सांग, सही करू का? एका आठवड्याचा प्रश्न आहे. नंतर तो दुरुस्त करणारच आहे."

दादानं हातातलं स्टूल उलटं केलं आणि एका पायाचा जोड दाखवला. "हा जोड मी केला. यात भेग असती आणि वरनं रंग मारून दिलं असतं तर आईला दिसलं असतं? नसतं दिसलं. बसली असती बिचारी. देवकरांच्या हातचं असलं काही कधी बाहेर गेलं नाही. बाबांच्या हातचं नाही, माझ्या हातचं नाही."

"हे वेल्डिंग नाहीये दादा."

"मग काय आहे?"

संपदानं त्या जोडावरून बोट फिरवलं. "वेल्डिंगच आहे," म्हणाली आणि उठली.

शुक्रवारी मीटिंग लागली. क्रेग, शंतनू, आणखी तिघंचौघं. संपदानं बोलायला सुरुवात करण्याआधी पडद्यावर क्लिप लावली. तोच उघडा माणूस, तेच ऊन.

"ही आपली बर्फातली मॅच," ती म्हणाली.

क्रेगनं डोळे बारीक केले. "हा तर ऊन खातोय."

मग तिनं तारखांचं सांगितलं. कुणाचं नाव तिनं घेतलं नाही. 'आपली चूक' म्हणाली, प्रत्येक वेळी. "अमेरिकेत बसलेल्या माणसाला ही चूक करताच येणार नाही," म्हणाली. "त्यांचा रविवार म्हणजे रविवारच. ही चूक करायला न्यूझीलंडात बसावं लागतं. तारीख इथली आणि बर्फ तिथला." मग अकराची मूठ, निवृत्त खेळाडू, उन्हातल्यांचं उन्हातही हरणं, हेही एकेक करून पुढं ठेवलं. डबे लावून हात बसलेला होता तिचा. एकावर एक, एकही न घसरता.

क्रेग खुर्चीत मागं रेलला. "मग खरा आकडा किती?"

"चौपन्न. घरच्या मैदानाचा थोडा फायदा, एवढंच उरतं."

"चौपन्न म्हणजे जवळजवळ माहीत नाही असंच झालं की."

"जवळजवळ माहीत नाही, हेच आपल्याला नक्की माहीत आहे."

कुणीतरी खाकरलं. क्रेगनं शंतनूकडं बघितलं. शंतनू टेबलाकडं बघत होता. "मला तपासावं लागेल," एवढंच म्हणाला. हो नाही आणि नाहीही नाही.

"चौपन्न टाका," क्रेग म्हणाला आणि उठला. "सोमवारी सकाळी साडेसहाला या सगळे. मॅच इथंच बघू." दारात त्याचं डोकं लागता लागता राहिलं आणि तो गेला. संपदाच्या ट्रायलबद्दल अवाक्षर नाही.

पाच वाजेपर्यंत ती जागेवर बसून राहिली, आता बोलावतील, मग बोलावतील. कुणी बोलावलं नाही. लोक "सी या" म्हणून गेले. शंतनू न बोलता गेला. संपदानं टेबलावरचा स्वतःचा मग पिशवीत घातला, आणि सोमवारी यायचंच आहे म्हणून परत काढून ठेवला.

शनिवार-रविवार घरात कुणाला धड सुचलं नाही. दादानं रविवारी सगळ्यांना समुद्रावर नेलं. इरा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात शिरली, आई पदर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. संपदा वाळूत बसून राहिली.

"बोलला नाही म्हणजे नकोच असणार," ती म्हणाली. "इथले लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत."

"मूर्ख असेल तरच नाही म्हणेल," दादा म्हणाला.

"बॉस आहे तो, दादा."

"बॉस मूर्ख नसतात असं कुठं लिहिलंय?"

संपदा हसली, तेवढ्यापुरती. उद्या उन्हातले जिंकावेत असं मात्र तिला फार वाटत होतं. असं वाटणं चूक आहे, एका मॅचनं आकडा खरा-खोटा होत नाही, हे तिच्याहून जास्त कुणाला माहीत? तरी वाटत होतं.

सोमवारी दादानं तिला गाडीनं सोडलं. ऑफिसात सगळे जमले होते, टेबलावर गरम मीट-पाय, म्हणजे आपल्या खिम्याच्या कचोऱ्याच, आणि टोमॅटो सॉस. सातला मॅच सुरू झाली आणि पडद्यावर बर्फ पडायला लागला. थोडाथोडका नाही, मैदानावरच्या रेषा दिसेनात इतका. उन्हातल्या टीमचे लोक तोंडातून वाफा सोडत उभे. थंडीवाले त्यांच्यावर तुटून पडले. मध्यंतरालाच निकाल लागल्यासारखा होता. शेवटी एकतीस-दहा.

"शंतनू, तुझे चौऱ्याऐंशीच बरोबर होते रे," कोपऱ्यातला एक जण म्हणाला. दोघं-तिघं हसले.

संपदाच्या हातात पायचा तुकडा होता, तो तिथंच राहिला. लहानपणी फटकन म्हणाली होती ते वाक्य तिच्या ओठावर आलं, पण बाहेर पडेना. ज्याच्या नोकरीचा प्रश्न आहे त्यानं ते म्हटलं की सबब वाटते.

ते शंतनू म्हणाला.

"एकदा झालं म्हणजे काय झालं?" असं अगदी मराठीत नाही म्हणाला, इंग्रजीत म्हणाला, पण तेच. तो उभा राहिला होता. "आज ते जिंकले म्हणून माझा आकडा बरोबर ठरत नाही. तो चुकीच्या बर्फावर उभा होता. शनिवार-रविवार बसून मी दोन वर्षांचं सगळं काढलं. पाऊस, वारा, बर्फ, जिथं जिथं हवामान घेतलंय तिथं सगळीकडं एक दिवस सरकलेलं आहे. मीच जोडलं होतं ते. तिनं गुरुवारीच मला सांगितलं होतं, आणि मी तिला सही करून टाक म्हणालो." त्यानं क्रेगकडं बघितलं. "शुक्रवारी मी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही."

क्रेगनं पायचा शेवटचा घास गिळला.

"बरं," तो म्हणाला. "मग जुनं सगळं दुरुस्त करा. पुढच्या आठवड्याची मॅच तुम्ही दोघं मिळून करा. शंतनूला खेळ कळतो, हिला आकडे कळतात. हवामान कुणाला कळतं ते नंतर बघू."

"पुढच्या आठवड्याची?" संपदा म्हणाली. "पण माझी ट्रायल..."

"ती शुक्रवारी संपली."

"हो. पण तुम्ही काही बोलला नाहीत."

"मग?"

"म्हणजे मी राहिले की गेले?"

क्रेग तिच्याकडं असा बघत राहिला की जणू तिनं दार कुठं आहे विचारलंय. "काढायचं असतं तर शुक्रवारच्या आत सांगितलं असतं. सांगितलं नाही म्हणजे राहिलीस. शुक्रवारी पाचपासून तू पक्की आहेस. कुणी सांगितलं नाही तुला?"

कोण सांगणार? चिंचवडला वडील कंपनीत कायम झाले तेव्हा शिक्क्याचं पत्र आलं होतं, ते देवापुढं ठेवून हळद-कुंकू लावलं होतं, सगळ्या क्वार्टरला पेढे. इथं पाच वाजले, ही पक्की झाली आणि कुणी मान वर करून बघितलंही नाही. रविवारी समुद्रावर ती बसून होती ती पर्मनंट नोकरीवाली बाई म्हणून, आणि तिलाच ठाऊक नव्हतं.

संपदा आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही एकदम थांबेनात. कुणीतरी टिश्यूचा डबा सरकवला. क्रेग घाबरला बिचारा, म्हणाला, "आर यू ओके?" आणि ती मान हलवत राहिली. छातीवरून कुणीतरी पिंप उचलल्यासारखं झालं होतं. हातातला पाय गार झाला होता, तिनं तो सगळा खाल्ला, सॉस घालून.

कॉफीच्या मशीनपाशी शंतनू उभा होता.

"पक्की असून दोन दिवस घोर लावून बसलीस," तो मराठीत म्हणाला. "मला विचारायचंस."

"तुम्ही बोलत कुठं होता?"

"तेही आहे." त्यानं एक कप भरून तिच्यापुढं ठेवला. या वेळी कपाबाहेर आली नाही. "चुकलं माझं, संपदा."

"आपलं," संपदा म्हणाली. "साखर कुठंय, शंतनू?"

'सर' गळाल्याचं त्याच्या लक्षात आलं. त्यानं साखर दिली.

मग तिनं दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं. मागं यंत्रांचा आवाज येत होता.

"राहिले मी," संपदा म्हणाली. "शुक्रवारीच राहिले होते. इथं सांगत नाहीत."

पलीकडं दादाचा आवाज चढला, पण तिच्याशी नाही, सगळ्या वर्कशॉपशी: "माय सिस्टर, पर्मनंट." मग पुन्हा फोनवर, "मी म्हटलं नव्हतं? मूर्ख असेल तरच नाही म्हणेल म्हणून?" आणि शेवटी हळूच, "आईला तूच सांग. मला सांगता यायचं नाही आत्ता."

आईला फोन केला तेव्हा आई नव्या स्टुलावर बसून वालाच्या शेंगा निवडत होती. बातमी ऐकून म्हणाली, "मला ठाऊकच होतं. संकष्टीला मागितलं होतं मी."

"कुठल्या चंद्राकडं बघून मागितलंस?" संपदानं विचारलं.

"चेष्टा पुरे. बरं, इराचं बोलणं डोक्यात राहिलंय माझ्या. पुढच्या महिन्यात इथला चंद्र कधी उगवतो ते बघून ठेव. योग्य ते करावं माणसानं."

संपदानं तिथंच उभ्याउभ्या बघितलं. "दहा वाजून गेल्यावर, आई. उन्हाळा आहे ना."

पलीकडं शेंग मोडल्याचा आवाज आला आणि थांबला.

"दहा वाजून गेल्यावर?" आई म्हणाली. "तोवर उपाशी बसू? नको बाई. तिथलाच बरा."

ज्या मुलीनं तीन दिवसांपूर्वी अख्ख्या कंपनीच्या तारखा एक दिवस मागं घ्यायला लावल्या, तिनं यात चूक काढली नाही. "चालेल," म्हणाली, फोन ठेवला आणि स्वतःच्या टेबलावर जाऊन बसली, जिथं तिचा मग होता.